एकाच भिंगाचा कॅमेरा

आपल्या शाळेच्या छायाचित्र-मंडळासाठीं एक नवा कॅमेरा घ्यावयाचा असें ठरल्यापासून शिक्षकांच्या खोलींत व मुलांच्या घोळक्यांत एकच चर्चा चालू आहे. बहुतेकांचें मत असें कीं, ज्याचें भिंग दूरची वस्तु ओढून जवळ आणतें असाच कॅमेरा घ्यावा. म्हणजे क्रीडांगणावरील शर्यत, स्नेहसंमेलनांतील नाटक आणि अंबाझरीवरचे पक्षी अशीं सर्वच कामें एका यंत्रांत उरकतील. मंडळाचा चालक या नात्यानें माझें मत विचारण्यांत आलें. तें ऐकून कांहीं जण हंसले, व कांहींना तो केवळ माझा हट्ट वाटला. सभेंत बोलावयास पांच मिनिटें मिळालीं होतीं, तीं अपुरीं पडलीं. म्हणून संपादकांच्या परवानगीनें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडतों.

माझें म्हणणें इतकेंच आहे: ज्याचें भिंग बदलतां येत नाहीं, पुढेंमागें होऊन दूरचें जवळ आणीत नाहीं, आणि ज्याच्या वरच्या कोपऱ्यांत डोळा लावून पाहावयाची एक स्वतंत्र खिडकी आहे, असा लहानसा कॅमेरा मुलांच्या हातीं प्रथम द्यावा. मीं सुचविला तो नमुना म्हणजे जपानच्या फुजीफिल्म कंपनीचा एक्स-१००. नवा नव्हे, वापरलेला.

हें यंत्र अनेकांनीं पाहिलेलें नसेल, म्हणून त्याची ओळख करून देणें प्राप्त आहे. २०१० सालच्या सप्टेंबरांत जर्मनींतील कोलोन येथें भरलेल्या फोटोकिना प्रदर्शनांत तें प्रथम मांडण्यांत आलें व २०११ मध्यें बाजारांत आलें. पुढें २०१३, २०१४, २०१७, २०२० आणि २०२४ या सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. पहिल्यांत सुमारें १ कोटि २३ लक्ष बिंदूंचें चित्र निघे, २०२४ च्या नमुन्यांत तो आंकडा ४ कोटींवर गेला आहे. परंतु भिंगाचें माप या सर्व काळांत एकच राहिलें: २३ मिलिमीटर. जुन्या फिल्मच्या हिशेबानें बोलावयाचें तर हें पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाएवढें होतें. वर दोन चकत्या आहेत, एक वेळ मोजणारी व दुसरी उजेडाची दुरुस्ती करणारी. भिंगाभोंवतीं छिद्र लहानमोठें करण्याचें कडें आहे. मुलांस शिकविणाऱ्यास याहून सोईची पाटी कोणती? काय केलें असतां काय होतें हें कॅमेरा चालू न करतांही बोट ठेवून दाखवितां येतें.

या कॅमेऱ्यास पुष्कळ जण रेंजफाइंडर म्हणतात. शब्दाच्या बाबतींत प्रामाणिक राहावयाचें तर तो खरा रेंजफाइंडर नव्हे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. त्यांत दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात, आणि भिंगाचें कडें फिरवितां फिरवितां त्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे अंतर जुळलें असें समजतात. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लायका कॅमेरा लोकांपुढें आला, आणि १९३२ सालच्या त्याच्या दुसऱ्या नमुन्यांत हा अंतरमापक भिंगाशीं जोडला गेला. एक्स-१०० मध्यें अंतर जुळविण्याचें काम विजेची यंत्रणा करते. त्यानें त्या जुन्या कॅमेऱ्यांपासून घेतली आहे ती खिडकी, आणि माझा सर्व भर आहे तो त्या खिडकीवरच.

नेहमींच्या मोठ्या कॅमेऱ्यांत आपण भिंगांतूनच पाहतों. मोबाइलमध्यें पडद्यावर पाहतों. दोहोंतही चित्राची चौकट संपली कीं जग संपतें. या खिडकींत तसें होत नाहीं. तेथें साधी स्वच्छ कांच आहे, आणि तिच्या मध्यभागीं उजेडाच्या रेघांची एक चौकट तरंगत असते. चौकटीच्या आंत जें आहे तें चित्रांत येणार. पण चौकटीबाहेरचेंही थोडें दिसत राहतें. कोण येत आहे, कोण जात आहे, आपण कोणास वगळीत आहोंत, हें सर्व डोळ्यांपुढें असतें. खिडकी भिंगाच्या किंचित् बाजूस असल्यामुळें जवळच्या वस्तूंच्या बाबतींत दोघांच्या दृष्टींत थोडा फरक पडतो. कळ अर्धी दाबली असतां ती चौकट स्वतःच सरकून तो फरक भरून काढते. अगदीं जवळचें काम असेल तर पुढच्या अंगास एक लहान खटका आहे, तो ओढला कीं कांचेच्या जागीं भिंगांतून दिसणारें विजेचें चित्र येतें.

या खिडकीचा गुण मला पुस्तकांतून कळला नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत मारबतीची मिरवणूक निघते. काळी व पिवळी अशा दोन मारबती, त्यांच्यामागें बडगे, ढोलताशे, आणि इडापिडा घेऊन जा म्हणून शहराची एकच आरोळी. सव्वाशेंहून अधिक वर्षें हा प्रकार चालत आलेला आहे. पूर्वीं मी त्या गर्दींत मोठा कॅमेरा घेऊन जात असें, आणि घरीं येऊन पाहावें तों प्रत्येक चित्रांत कोणाचा तरी अर्धा हात, कोणाची तरी पाठ घुसलेली. एका वर्षीं हा लहान कॅमेरा डोळ्यास लावून इतवारींतील एका ओट्यावर उभा होतों. चौकटींत पिवळी मारबत बरोबर आलेली होती. बोट कळेवर होतें. इतक्यांत चौकटीच्या बाहेर, डाव्या अंगास, बापाच्या खांद्यावर बसलेलें एक पोर दिसलें. ढोलाच्या आवाजानें त्यानें दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते आणि तोंड मात्र आनंदानें उघडें होतें. बाप पुढें सरकत होता. मीं श्वास रोखून थांबलों, तें पोर चौकटींत आलें, आणि कळ दाबली. पडद्याकडे पाहत असतों तर तें येत आहे हें मला तें येऊन गेल्यावर कळलें असतें.

आतां भिंगाविषयीं. न बदलणारें भिंग ही उणीव आहे असें मुलांस वाटतें, आणि एका अर्थानें ती आहेच. परंतु या विशिष्ट भिंगाचा एक हिशेब आहे, तो सातवींतल्या मुलासही पाठ करतां येईल. कॅमेरा आडवा धरला असतां जितक्या फुटांवर आपण उभे, सुमारें तितक्याच फुटांची रुंदी चित्रांत येते. दहा फुटांवरून दहा फूट. तीस फुटांवरून तीस फूट. उंची त्याच्या दोन-तृतीयांश. वर्गाच्या भिंतीएवढी रांग टिपावयाची असेल तर किती मागें जावें, हें कॅमेरा न काढतां पावलें मोजून सांगतां येतें. महिना दोन महिने याचा सराव झाला म्हणजे चौकट डोळ्यांतच तयार होते. आमच्या लहानपणीं घरोघर आग्फा क्लिक थ्री नांवाचा एक डबा असे. त्याचेंही भिंग एकच, आणि एका रिळांत बारा फोटो. ज्यांनीं आयुष्यांत छायाचित्रणाचें एक अक्षर वाचलें नव्हतें अशा आमच्या मातोश्री, "तुळशीवृंदावनापासून चार पावलें मागें हो, म्हणजे सगळे येतील," असें बिनचूक सांगत. बारांतील एकही फोटो फुकट घालविण्याची त्यांची तयारी नसे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, कोणाचा चेहरा चौकटींत ठळक यावा असें वाटत असेल तर तीन फुटांवर जाऊन उभें राहावें लागतें. आणि तीन फुटांवर उभें राहून कोणाचाही फोटो चोरतां येत नाहीं.

येथें मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावांचून वरील सर्व विवेचन केवळ यंत्राची जाहिरात होईल.

तीन वर्षांपूर्वीं नोव्हेंबरच्या अखेरीस, अंबिया बहाराचा माल येऊं लागला असतां, मी एका सकाळीं कळमन्याच्या बाजारांत गेलों होतों. संत्र्यांचे ढीग जमिनीवर रचलेले, त्यांच्यावर कोंवळें ऊन, हमालांची लगबग. कोणासही मोह पडावा असा देखावा. त्या वेळीं माझ्याजवळ लांब भिंगाचा मोठा कॅमेरा होता. पंचवीस-तीस पावलांवर एक वृद्ध बाई संत्रीं निवडीत बसली होती. लहान एकीकडे, मोठीं दुसरीकडे. तिनें क्षणभर हात थांबविला, डोळे मिटले आणि पदरानें कपाळ पुसलें. मीं ट्रकाच्या आडोशास उभें राहून भिंग ओढलें व तें चित्र घेतलें. तिला त्याचा पत्ताही लागला नाहीं, आणि त्या वेळीं मला हीच आपली करामत वाटली. चित्र खरोखर उत्तम उतरलें होतें. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. मीं त्यास 'श्रम' असें नांव दिलें, मोठें करून चौकटींत बसविलें, आणि संमेलनाच्या प्रदर्शनांत लावलें. पाहुण्यांनीं त्याची फार स्तुति केली.

दुसऱ्या दिवशीं प्रदर्शन आवरीत असतां सातवींतील एक मुलगा मागें रेंगाळला. अबोल मुलगा, वर्गांत प्रश्न विचारल्याशिवाय कधीं बोलत नसे. चित्राकडे पाहत तो म्हणाला, "सर, ही माझी आजी आहे." मीं आनंदानें म्हणालों, "अरे, मग काल कां नाहीं सांगितलेंस?" तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सगळे म्हणत होते, म्हातारी किती दमलेली दिसते. आजी घरीं अशी नसते, सर. आणि तिला माहीत असतं, तर तिनं ती फाटकी ओढणी डोक्याला नसती बांधली."

फाटकी ओढणी मला त्या क्षणापर्यंत दिसलीच नव्हती. म्हणजे दिसली होती. तिची वीण कशी सुरेख उठली आहे, म्हणून मी ती पाहुण्यांस दाखविलीही होती.

मीं तें चित्र उतरविलें. पण उतरविणें सोपें असतें. पुढील आठवड्यांत, तें चित्र व हा लहान कॅमेरा घेऊन, त्या मुलासह मी पुन्हा कळमन्यास गेलों. आजीबाईंनीं चित्र हातांत घेतलें, दूर धरलें, जवळ धरलें, आणि मजकडे पाहून विचारलें, "हा फोटू कोनाले इचारून काढला होता जी, मास्तर?" मजजवळ उत्तर नव्हतें. क्षमा मागितली. नवीन फोटो काढूं का, असें विचारलें. त्या म्हणाल्या, "आता काढाचा असन तं उद्या या जी. मी लुगडं बदलून येतो."

दुसऱ्या दिवशीं मी तीन-चार फुटांवर उभा राहिलों. त्यांनीं हिरवें लुगडें नेसलें होतें, केस विंचरले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, आणि कचेरींत फोटो काढावा तसें ताठ बसून त्या सरळ भिंगांत पाहत होत्या. खिडकीच्या चौकटीबाहेर नातू उभा होता व हंसूं दाबीत होता. मला तो दिसत होता आणि त्यांनाही. कलेच्या परीक्षेंत हें चित्र नापास होईल. उजेड सपाट आहे, पाठीमागें पोत्यांची रास कशीही आली आहे, जवळून घेतल्यामुळें हात चेहऱ्याच्या मानानें थोडे मोठे दिसतात; पस्तीसच्या भिंगाचा तो दोषच आहे. परंतु तें चित्र त्यांच्या घरांत भिंतीवर लागलेलें आहे. 'श्रम' माझ्या कपाटांत आहे.

कोणी म्हणेल कीं, हा दोष भिंगाचा नसून धरणाऱ्याचा होता. मान्य आहे. लांब भिंग हातांत असूनही मी चालत जाऊन विचारूं शकलों असतों. पण मनुष्य असा आहे कीं ज्याची गरज नाहीं तें तो सहसा करीत नाहीं. लांब भिंग त्यास लपण्याची सोय देतें. हें भिंग देत नाहीं. आणि आपण ज्यांस शिकवितों तीं बारा-चौदा वर्षांचीं मुलें आहेत. पुढें हवें तें यंत्र तीं घेतील. पहिली संवय कशाची लागावी, एवढाच प्रश्न आहे. मराठी छायाचित्रकार श्री. सुधारक ओलवे यांनीं मुंबईच्या सफाई-कामगारांचीं जीं चित्रें वर्षानुवर्षें घेतलीं, तीं पाहिलीं असतां गटाराच्या कांठापर्यंत गेल्यावांचून तीं निघालीं नसतीं हें कोणासही उमगेल.

येथें थोडें विषयांतर करतों. ज्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें नांव नागपुरांत विद्येशीं कायमचें जोडलें गेलें आहे, ते धर्मोपदेशक असून मोठे भूगर्भशास्त्रज्ञही होते. नागपूरच्या आसपासच्या खडकांतील जीवाश्मांविषयीं त्यांचा व रेव्हरंड हंटर यांचा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भसंस्थेच्या नियतकालिकांत छापून आला. ज्या दगडांवरून हजारों लोक चालत गेले होते त्यांतच त्यांस तीं पानें, बीजें व शिंपले दिसले, कारण ते खालीं बसून पाहत. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या हातीं कॅमेरा होता कीं नव्हता हा प्रश्नच नाहीं. पायांनीं जवळ जाणें ही पाहण्याची पहिली पायरी आहे हें सांगण्यास त्यांच्याहून जवळचें नांव मला सुचत नाहीं.

आक्षेपांस उत्तर देणें राहिलें. पहिला आक्षेप किंमतीचा, आणि तो खरा आहे. २०२४ चा नवा नमुना दीड लाख रुपयांच्या पुढें जातो. इतका पैसा शाळेनें एका कॅमेऱ्यावर घालावा असें मी कधींच म्हणणार नाहीं. भर म्हणून २०२० च्या नमुन्याचें समाजमाध्यमांवर असें कांहीं वेड पसरलें कीं कित्येक महिने तो दुकानांत मिळेना; पुष्कळांनीं तो चित्रें काढण्यासाठीं नव्हे, गळ्यांत शोभतो म्हणून घेतला. दागिना म्हणून घ्यावयाचें असेल तर खरा दागिना घ्यावा, निदान मोडीस तरी येतो. जुना, एक-दोन हातांतून गेलेला नमुना आपल्या कामास पुरेसा आहे. एक कोटि बिंदूंत वार्षिकाचें पानभर चित्र सुखानें छापतां येतें.

दुसरा आक्षेप असा कीं, प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतां हें लोढणें कशास? साधा मोबाइल हाही एकाच भिंगाचा कॅमेराच आहे, हें मी कबूल करतों. ज्याच्या घरीं तो आहे त्यानें वर सांगितलेला पावलांचा हिशेब आपल्या मोबाइलवर स्वतः मांडून पाहावा. परंतु मे महिन्यांत, पारा पंचेचाळीसच्या घरांत असतां, भर दुपारीं कस्तुरचंद पार्कावर उभें राहून मोबाइलच्या पडद्यावर काय दिसतें तेंही त्यानें पाहावें. स्वतःच्या घामेजलेल्या चेहऱ्याशिवाय कांहीं दिसत नाहीं. खिडकीस डोळा लावला कीं ऊन बाहेर राहतें. शिवाय या कॅमेऱ्यांत पोटांतच एक काळसर कांच आहे, ती मध्यें आणली असतां उजेड जुन्या नमुन्यांत आठ पटींनीं व अलीकडील नमुन्यांत सोळा पटींनीं कमी होतो. नागपूरच्या उन्हास हें औषध चांगलें लागू पडतें. आणि याचा पडदा भिंगाच्या आंतच उघडझाप करीत असल्यामुळें आवाज जवळजवळ होत नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं मीं तो वापरला आहे. शेजारच्या बाकावरील मुलानेंही मान वळविली नाहीं.

तिसऱ्या आक्षेपापुढें मात्र मी हात टेकतों. क्रीडादिनीं शंभर मीटरच्या शर्यतीच्या वेळीं मी हाच कॅमेरा घेऊन दोरीच्या मागें उभा होतों. पहिला आलेला मुलगा चित्रांत आगकाडीएवढा आला, आणि विजेत्यापेक्षां झेंड्याची काठी ठळक. अंबाझरीवरच्या पाणपक्ष्यांचे तर ठिपकेच. जे पायांनीं गांठतां येत नाहीं तें या यंत्रास साधत नाहीं. त्यासाठीं वर्षांतून चार दिवस लांब भिंगाचा कॅमेरा भाड्यानें आणावा असें मीं सभेंत सुचविलें होतें. त्यावर मतदान व्हावयाचें आहे.

सभा सुटीनंतर आहे. कळमन्याच्या आजीबाईंचा नातू आतां दहावींत असून मंडळाचा चिटणीस आहे. मागल्या आठवड्यांत त्यानें आजीच्या फोटोची आणखी एक प्रत मागून घेतली, काटोलच्या आत्याकडे पाठवावयास. त्याचें मत मात्र लांब भिंगाच्या बाजूचें आहे. त्यास आंतरशालेय क्रिकेटचे सामने टिपावयाचे आहेत, आणि त्यानें बहुतेक मुलें आपल्याकडे वळविलींही आहेत.